न फोडलेला धुरा

लांजेवारजी माती चाखायचे. चिमूटभर माती पुढच्या दातांत धरायची, डोळे बारीक करायचे, दोनदा चावायची आणि थुंकून निकाल द्यायचा. करकरली तर रेती जास्त, पिठासारखी लागली तर गाळ, आणि दाताला चिकटून बसली तर चिकणमाती. आमच्याकडे यासाठी चाळण्या होत्या, काचेच्या नळ्या होत्या, माती वाळवायचा ओव्हन होता. यंत्राचा निकाल दुसऱ्या दिवशी यायचा. तो दातांच्या निकालाशी जुळला की लांजेवारजी ओव्हनकडे बघून म्हणायचे, "शिकून राहिला हळूहळू."

भिलाईत बांधकामांसाठी माती तपासून देणारी ती एक छोटी खाजगी प्रयोगशाळा. लांजेवारजी तिथले सर्वांत जुने तंत्रज्ञ आणि मी अहवाल टाइप करणारी. माझे वडील नागपूरहून आलेले कारकून, घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, असं माझं सगळं आयुष्य गेलं. लांजेवारजींचं घराणं भंडाऱ्याकडचं, धान पिकवणारं. वडील कारखान्यात कामाला आले आणि इकडचेच झाले. पण मुलाच्या अंगातलं धान काही गेलं नाही. त्यांनी जवळच्या उतई गावात दोन एकर शेत घेतलं, तिथेच राहायला गेले, आणि रोज मोपेडवरून कामावर यायचे. मोपेडच्या मागे फावडा बांधलेला. ऑफिसला फावडा घेऊन येणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

दात खरे होते, पण जीभ फार वाईट होती. माणूस आता थकलाय म्हणून मी हे झाकून ठेवणार नाही.

आमच्या एका सहकाऱ्याने कर्ज काढून घर बांधलं आणि वास्तुशांतीला सगळ्यांना जेवायला बोलावलं. लांजेवारजींनी शिरा दोनदा मागून घेतला. मग हात धुवायला मागच्या अंगणात गेले, तिथून मातीची चिमूट तोंडात टाकली आणि सगळ्या पंगतीसमोर यजमानाला म्हणाले, "शिरा मस्त झाला. घर तीन पावसाळे काढन." यजमानाची बायको रडली. तिसऱ्या पावसाळ्यात स्वयंपाकघराची भिंत वरपासून खालपर्यंत तडकली. ते कळल्यावर लांजेवारजी समाचाराला गेले, म्हणजे भेगेत बोट घालून बघायला गेले. दोन बोटं मावली म्हणून परत आल्यावर दिवसभर खुशीत होते.

माझ्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला चहाच्या ग्लासात पाणी आणायला सांगितलं. मी प्यायचं समजून आणलं. त्यांनी खिशातून मातीचं वाळलेलं ढेकूळ काढलं आणि ग्लासात सोडलं.

"पाय." म्हणजे बघ.

ढेकूळ तळाशी जाऊन बसलं. बुडबुडे आले. मग त्याची एक बाजू ढासळली, थोड्या वेळाने दुसरी, आणि शेवटी तळाशी नुसता चिखल उरला.

"कोन पाडलं इले?"

"पाण्याने," मी म्हणाले.

"पान्यानं इले धक्का बी नाही मारला. मातीचे दाने एकमेकाले धरून बसतेत. पानी मधात शिरते अन् एकेकाचा हात सोडवते. ढिगाऱ्यात शिरलं तं वरतून वजन बी वाढवते. वजन वाढलं, पकड गेली. मंग उतारावरची माती कोनाच्या बापाचं ऐकत नाही." ग्लास बेसिनमध्ये ओतत ते पुढे म्हणाले, "अन् हे लिहून ठेव बाई. पाऊस पडतवर लोक भेतेत. ऊन निघालं का गोधड्या वाळू घालतेत. पन वरचं पानी खाली उतराले दिवस लागतेत. पाऊस थांबते, आतलं पानी थोडीच थांबते. ढिगारा उन्हात पडते."

मी लिहून ठेवलं नाही. मला काय करायचं होतं त्या ढिगाऱ्याशी?

एका पावसाळ्यात सांडपाण्याची पाइपलाइन टाकायला एका ठेकेदाराने खोल चर खणायला घेतला होता. त्याची कड ढासळली आणि मनोहर नावाचा मजूर आत गाडला गेला. आम्ही मातीचे नमुने घ्यायला पोचलो तेव्हा त्याला काढून ताडपत्रीवर ठेवलं होतं. शेजारी त्याची बायको सुमित्रा बसली होती, आणि तिच्या पाठीला चिकटून आठेक वर्षांची मुलगी. ठेकेदार छत्रीखाली उभा होता. त्याने विचारलं, "क्यों गिरा, लांजेवार?"

लांजेवारजींनी कड पाहिली. खणून काढलेल्या मातीचा ओला ढीग चराच्या अगदी काठावर होता. त्याच्याच भाराने काठ आत बसला होता. ते मोठ्याने म्हणाले, "खुदी हुई मिट्टी किनारे पे किसने डाली? इसीने डाली. दूर डालता तो जिंदा रहता."

सुमित्राने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

ते वाक्य अहवालात गेलं. मीच टाइप केलं. मजुराच्या स्वतःच्या निष्काळजीपणाने अपघात, असं ठरलं आणि ठेकेदाराने हात झटकले. माती दूर टाकायला तिथे जागाच नव्हती, मुकादमाने काठावरच टाकायला सांगितलं होतं, चराच्या भिंतींना एक फळीसुद्धा लावलेली नव्हती. हे सगळं लांजेवारजींना दिसलं होतं. कुणी विचारलं नाही म्हणून ते बोलले नव्हते.

"मी खोटं नाही बोललो," ते मला म्हणाले.

"नाही. अर्धं बोललात."

त्यानंतर आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मला बरंच वाटलं.

पाच-सहा वर्षं गेली. खुर्सीपार वस्तीच्या मागे एक टेकाड होतं. भिलाईची जमीन परातीसारखी सपाट, त्यामुळे टेकाड दिसलं की ते माणसाने केलेलं असणार हे समजून घ्यायचं. कुठल्यातरी जुन्या खोदकामाची माती तिथे वर्षानुवर्षं टाकली होती, तीन मजली घराइतकी उंच. लोक तिला डोंगरी म्हणायचे. डोंगरीचा पायथा कापून जागा केली होती आणि तिथे सात घरं उभी होती. शेजारी गोदाम होणार होतं, त्याच्या जागेची माती तपासायला आम्ही आषाढात गेलो. लांजेवारजींनी वर पाहिलं आणि कामाच्या पिशव्या तिथेच टाकून चढायला लागले. मी धापा टाकत मागे.

माथ्यावर हिरवंगार धान होतं. अकरा बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, प्रत्येकीला चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेला आणि आत घोटाभर पाणी कोंडलेलं.

खालच्या घरांतली आणि आसपासची माणसं लांजेवारजींच्याच भंडारा-गोंदियाकडची. कारखान्यात, ठेकेदाराकडे, कुठे कुठे राबणारी. पण धानवाल्या माणसाला वाहून जाणारं पाणी बघवत नाही. गावाकडे पोराला चालता येण्याआधी पाणी अडवता येतं म्हणतात. इथे डोंगरीवरून पावसाचं पाणी फुकट वाहून जाताना दिसलं, आणि ह्यांनी फावडे उचलून धुरे घातले. गावात ते शहाणपण होतं. इथे त्यांनी स्वतःच्या घरांवर उभ्या असलेल्या ढिगाऱ्याच्या डोक्यात पाणी भरून ठेवलं होतं.

"आपल्याच लोकायची खोड," लांजेवारजी म्हणाले आणि मोपेडवरचा फावडा आणायला खाली गेले.

त्या दिवसापासून दर रविवारी ते डोंगरीवर जाऊन धुरे फोडायचे. लोक पुन्हा बांधायचे, ते पुन्हा फोडायचे. शिव्या खाल्ल्या, त्यांच्या वाटेवर बाभळीचे काटे टाकले गेले. एका म्हाताऱ्याने कॉलर धरली. "कोनाच्या पोटावर पाय देऊन राहिला बे?"

"तुयं पोट वाचवून राहिलो, बुढ्या. डोकं तं तुले नाहीच."

"एकदा नीट बसून समजावून सांगा ना त्यांना," मी म्हणाले. "मला ग्लासात ढेकूळ टाकून दाखवलं होतं तसं."

"गधड्यायले काय सांगाचं?"

सांगितलं असतं तर ऐकलं असतं का, हे मला आजही ठाऊक नाही. पण त्यांनी सांगितलं नाही एवढं खरं.

चौथ्या रविवारी त्यांनी मलाही नेलं. फोटो काढायचे होते, कुठेतरी अर्ज देणार होते. त्या दिवशी त्यांनी वरच्या बाजूने सुरुवात केली. एकेक धुरा फोडत, पाण्याला वाट काढून देत, खालच्या कडेकडे सरकत आले. कडेची बांधी सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत खोलगट. वरच्या दहा बांध्यांचं पाणी तिच्यात येणार आणि शेवटी ती फोडली की सगळं बाहेर जाणार, असा त्यांचा हिशेब. त्या बांधीच्या धुऱ्याबाहेर मला जमिनीत एक लांब भेग दिसली. बोट जाईल एवढी, कडेला धरून गेलेली. मी फोटो काढला.

बांधीत सुमित्रा उभी होती. साडी खोचलेली, हातात रोपांची जुडी, रोवणा अर्धा झालेला. खालच्या सातांपैकी पहिलं घर तिचं होतं हे आम्हाला माहीत नव्हतं.

लांजेवारजींनी तिला ओळखलं. फावडा हातात तसाच राहिला.

"फोडा ना भाऊ," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "माया घरचं एक तुमी अगुदरच फोडलं. हे बी फोडा. मी काही म्हनत नाही."

ती खाली वाकून रोपं लावायला लागली. वरच्या बांध्यांचं पाणी त्यांनीच केलेल्या वाटेने येऊन तिच्या बांधीत भरत होतं, ते मलाही दिसत होतं. मग त्यांनी फावडा खांद्यावर टाकला आणि उतरायला लागले.

खाली आल्यावर मी विचारलं, "त्यांचा का सोडला?"

"एका बांधीनं काही होत नाही."

पंचवीस वर्षं जे वाक्य दुसऱ्याने उच्चारलं की हा माणूस अंगावर धावून जायचा, ते त्यांच्या तोंडून आलं. मी त्यांना टोकलं नाही. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी ते पहिल्यांदा आवडले होते.

श्रावणात चार दिवस पाऊस लागला. लांजेवारजी रोज सकाळी कामावर येण्याआधी डोंगरीच्या पायथ्याशी जाऊन पाझर बघायचे. निवळ पाणी झिरपत असेल तर माती जागेवर आहे, गढूळ झालं तर आतून सुटायला लागली, असं त्यांचं गणित. तिसऱ्या दिवशी पाझर चहाच्या रंगाचा झाला. त्यांनी सातही घरांची दारं वाजवली.

"मराचं असन तं राहा, नाही तं निघा," असं सांगितलं त्यांनी. दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगायचं त्यांना येतच नव्हतं. एका घरातून शिव्या आल्या. तरी पावसाला भिऊन लोक निघाले, जवळच्या समाजभवनात जाऊन राहिले. सुमित्राही मुलीला घेऊन गेली. लांजेवारजी तिच्या दाराशी मात्र काही बोलले नाहीत, नुसतं दार वाजवून उभे राहिले, असं तिनेच मला नंतर सांगितलं.

पाचव्या दिवशी मी टायपिंग करत होते आणि खिडकीतून टेबलावर ऊन आलं.

"चला, निघालं एकदाचं ऊन," मी म्हणाले.

लांजेवारजींनी खिडकीबाहेर पाहिलं आणि मोपेडची किल्ली उचलली. मी मागे बसले. वाटेभर घराघरांतून ओले कपडे दोऱ्यांवर पडत होते. कारखान्याच्या चिमण्यांमागे आभाळ निळं झालं होतं. लांजेवारजी पूर्ण रस्ताभर एकच वाक्य म्हणत होते, "नोका येऊ वापस, नोका येऊ."

आम्ही पोचलो तेव्हा डोंगरीची कड उतरून आली होती. पहिली तीन घरं नव्हती. समाजभवनातले लोक घरं वाळवायला, गोधड्या उन्हात टाकायला सकाळीच परत आले होते. एक दोरी अजून ताणलेली होती आणि तिच्यावर एक गोधडी.

लांजेवारजींनी आधी फावड्याने, मग कुणाला लागेल म्हणून हाताने माती उपसली. कॉलर धरणारा म्हातारा संध्याकाळच्या सुमारास सापडला. सुमित्राची मुलगी पिंकी त्याच्यानंतर. नववीत होती. आईने तिला गोधड्या वाळत घालायला सांगितलं होतं आणि आई धुण्याभांड्याच्या कामावर गेली होती.

सुमित्रा आली तेव्हा मुलीला अजून काढायचं होतं. ती मातीपाशी थांबली. त्या चिखलात धानाची रोपं होती, ओळीच्या ओळी, काही अजून उभीच. तिने स्वतःच्या हाताने रोवलेली. तिने ती पाहिली, मग वर तुटलेल्या कडेकडे पाहिलं. मला तिला तिथून न्यायचं होतं, पण ती हलली नाही. धानाच्या घरची बाई, तिला कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

लांजेवारजी गुडघ्यांवर बसून उपसत होते. ती त्यांच्याजवळ गेली.

"तुमाले ठाऊक होतं?"

त्यांनी वर पाहिलं. "हो."

"सगळ्यायचे फोडले. माया धुरा कावून ठेवला?"

त्यांनी पुन्हा मातीत हात घातले.

चौकशी झाली. ह्या वेळी लांजेवारजी न बोलावता गेले आणि पूर्ण बोलले. पायथा कापलेला होता, ढिगाऱ्याला पाणी जायला नाली नव्हती, माथ्यावर पाणी कोंडलं होतं, आणि "दहा बांध्यांचं पाणी मी एकीत सोडलं आणि ती एक फोडली नाही," हेही त्यांनी सांगितलं. भेगेचा माझा फोटोही दिला. लिहून घेणाऱ्याने मान हलवत ऐकून घेतलं. शेवटी कागदावर अतिवृष्टी एवढंच आलं. अर्धं सांगितलं तेव्हा एका बाईचं घर बुडालं होतं, आणि पूर्ण सांगितलं तेव्हा कुणाचं काहीच बिघडलं नाही. मी त्या दिवशी घरी जाऊन खूप रडले.

लांजेवारजी निवृत्त झाले. मग गेल्या पावसाळ्यात त्यांच्या बायकोचा फोन आला. कुसुमकाकू मला फार कधी फोन करत नाहीत.

"बाई, हे पाऊस आला का फावडा घेऊन भिलाई-तीनले जातेत. विचारलं तं बोलत नाहीत. स्वतःच्या शेतातले धुरे बी फोडून टाकले, दोन एकर पडीत आहे. तू जरा पाहून ये वो."

मी भिलाई-तीन वस्तीत गेले. रेल्वेलाइनच्या पलीकडे भाड्याच्या खोल्यांची एक रांग होती आणि मागे मोकळी सपाट जागा. तिथे खोलीएवढी एक बांधी होती, चारी बाजूंनी धुरा, आत पाणी. लांजेवारजी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून धुरा फोडत होते. म्हातारे झाले होते, दोन घाव घालून थांबायचे. डोंगरीवरून सुमित्रा इथेच राहायला आली होती; ती आपल्या खोलीच्या पायरीवर बसली होती.

"लांजेवारजी, इथे काय पडणार आहे?" मी म्हणाले. "जमीन सपाट आहे."

"मालूम आहे मले," ते म्हणाले आणि पुढचा घाव घातला.

पाणी वाट काढून बाहेर आलं आणि इकडेतिकडे पसरून थांबलं, कारण जायला उतारच नव्हता. मी सुमित्राजवळ जाऊन बसले. बांधीत एकही रोप नव्हतं, नुसतं पाणी.

"रोवणा केला नाही अजून?"

"मी धान नाही लावत आता."

"मग हा धुरा कशाला?"

"त्याच्यासाठी बांधतो," ती म्हणाली. "पाऊस आला का बांधतो. थो येते, फोडते. जाते. मी मंग वापस बांधतो. जवरिक त्याचे हात चालतेत तवरिक बांधीन."

तिचा आवाज त्या दिवशी बांधीत होता तसाच होता, अगदी साधा.

लांजेवारजींनी नळावर फावडा धुतला. आमच्याजवळून जाताना ते थांबले, पण तिच्याकडे पाहिलं नाही. फुटलेल्या धुऱ्याची माती त्यांनी चिमटीत घेऊन दातांत धरली होती. ती थुंकून ते म्हणाले, "लाइनकडची बाजू कच्ची ठेवली तू. रेतीच रेती आहे. दोन घावात गेली."

"उद्या पक्की बांधतो, भाऊ," सुमित्रा म्हणाली.

त्यांनी मान हलवली. ते मोपेडपर्यंत पोचायच्या आत ती पदर खोचून उठली होती आणि भिंतीला टेकवलेला आपला फावडा तिने हातात घेतला होता.